आक्कानं घासलेलं पानदान

आक्का मंगळवारी गेली. मला गुरुवारी कळलं. मी वर्गात होतो. तिच्या घरचा गडी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, घरी चला. बाई गेल्या." मी पुस्तक मिटलं, मुलांना घरी जायला सांगितलं आणि निघालो. आगगाडीनं अकोला आणि पुढे बैलगाडीनं मन नदीच्या काठी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. ओसरीवर दादासाहेब, म्हणजे तिचे यजमान, भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून ते उठले नाहीत.

याला आता महिना उलटून गेला. आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला वाढवलं तिनंच. बाळापूरजवळच्या एका देशमुखांच्या घरात तिला दिलं, आणि मी अमरावतीला इंग्रजी शाळेत शिकून तिथेच मास्तर झालो. गावातल्या एका देशमुखिणीबद्दल वर्तमानपत्रात लिहावं असं तिनं काही केलं नाही, असं कुणी म्हणेल. पण या पत्राच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तिचं एक काम पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या लढाईपायी आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांत सरकारनं अमरावतीला कापसाचं प्रदर्शन भरवलं होतं. त्याला जोडून एक मोठा तंबू होता. एलिचपूरच्या तख्तावर कधीकाळी बसलेल्या सुलतानाचा आणि त्याच्या दरबाराचा उरलासुरला खजिना त्यात मांडला होता. त्या तंबूत उजव्या हाताला एक पांढरट पानदान होतं आणि त्यापुढे 'काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी' अशी चिठ्ठी होती. ते वाचून तुम्ही हसला असाल. सगळेच हसले. ते पानदान माझ्या बहिणीनं घासलं होतं, आणि ती चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती.

आक्काच्या घासण्याची ख्याती होती. तिच्या पितळी परातीत पाहून केस विंचरावेत, असं शेजारणी म्हणत. सून म्हणून त्या घरात गेली त्याच वर्षी तिनं माळ्यावरची जुनी भांडी उतरवली आणि एकेक करून उन्हात मांडली. सासूबाई म्हणाल्या, "वो सूनबाई, घरात लगन हाय का काय?" तर ही म्हणाली, "लगन नाही, भांड्याइची दिवाळी हाय." मी लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा ती विहिरीजवळ बसलेली असायची, एका बाजूला चिंचेचा कोळ, एका बाजूला चुलीतली राख, आणि हात चालू असताना माझ्याकडून कविता म्हणवून घ्यायची. तिला वाचता येत नसे, पण मी एखादी ओळ गाळली की तिचा हात थांबे. "पुढचं खाल्लं तू," म्हणे. ते नेहमी खरं असे.

पानदान मात्र तिच्या राज्यातलं नव्हतं. ते बाहेर बैठकीत, पुरुषांच्या ताब्यात असे. सुलतानानं ते देशमुखांच्या मूळपुरुषाला दिलं होतं, आणि का दिलं याच्या कथा घरात जितकी तोंडं तितक्या होत्या. कथा काही असो, त्या पानदानाला गावात एक मान होता. कुणाचं कुणाशी वैर झालं आणि बोलून मिटेना, की दोघांनी देशमुखांच्या ओट्यावर यायचं. देशमुखानं पानदान उघडायचं, अंजनगावच्या पानांचे दोन विडे दोघांना द्यायचे आणि दोघांनी ते तिथेच खायचे. त्यानंतर जो ते भांडण पुन्हा काढेल तो गावाचा गुन्हेगार. ज्याच्या हातचं पाणी गावात चालत नसे, त्यालाही त्या पानदानातला विडा त्याच ओट्यावर मिळे. मी ते प्रथम आक्काच्या लग्नात, सहा-सात वर्षांचा असताना पाहिलं. पावसाळ्यातल्या अवसेसारखं काळं, आणि त्यावर चांदीच्या तारांची बारीक वेल, तिला पानं, मधूनच एक फूल. ते तेलाच्या फडक्यानं पुसायचं, पाण्याला लावायचं नाही, असा रिवाज होता. पुरुषांना तो माहीत होता. बायकांना कुणी सांगितला नव्हता, कारण बायकांचा त्याला हात लागायचाच नव्हता.

कापसाचा भाव चढला तसा त्या घरात तंटा शिरला. दादासाहेब आणि त्यांचे धाकटे भाऊ बापूसाहेब यांची शेतं लागून होती आणि मधल्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधाला लागून, बाभळीची एक पट्टी होती. आजवर ती कुणाचीच नव्हती, बकऱ्या चरत. पण त्या वर्षांत लोकांनी अंगणातही कापूस पेरला. पट्टी कुणी नांगरायची यावरून दोघे भाऊ बोलेनासे झाले. एका छपराखाली दोन चुली झाल्या. आक्काला हे सोसवेना. बापूसाहेबांना तिनं दीर म्हणून नाही, लेकरासारखं वाढवलं होतं. दोघांच्या मागे लागून, कधी जेवायला न बसून, कधी रडून, कधी टोमणे मारून तिनं त्यांच्याकडून एकदाचं कबूल करून घेतलं की दोघेही पानदानातला विडा घेतील आणि पट्टी पुन्हा बकऱ्यांना सोडतील. नेमकं त्याच सुमारास माझं पत्र गेलं. प्रदर्शनासाठी वस्तू जमवण्याचं आणि त्यांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि सुलतान म्हटल्यावर मला ते पानदान आठवलं. दोघा भावांना मान वाटला. "अमरावतीहून परत आलं का विडा घेऊ," असं ठरलं. आक्कानं ही तडजोड मान्य केली, आणि मला वाटतं, त्या दिवसापासून ती ते पानदान परत येण्याचीच वाट पाहत होती.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. न्यायला गाडी यायची होती आणि दोघेही पुरुष कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेलेले. पानदान बांधून द्यायचं म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत जाऊन ते हातात घेऊन उजेडात आली. "काळं ठिक्कर रे, नाना! मी म्हटलं, बाप्पा, इतक्या पिढ्या माणसाइच्या हातात हाय, त्याइले काय घासता येते? साहेबापुढं घराची अब्रू अशी काळी पाठवू का मी?" फुलं तिला दिसली होती. भोवतीचं काळं निघालं की ती आणखी उठून दिसतील, असा तिचा हिशेब होता. कुणाही चांगल्या घरच्या बाईचा तोच हिशेब असता. तिनं चिंच लावली, राख लावली, तरी निघेना म्हणून विटकरीची भुकटी लावली. दुपारभर घासलं. काळं गेलं, आणि खालून जस्तासारखा पांढरट धातू निघाला. चांदी पांढरी, धातूही पांढरा. वेल त्यात बुडाली. पण भांडं चकाकत होतं, आणि चकाकणारं भांडं वाईट कसं असेल? तिनं ते कापसात गुंडाळून पाठवलं. माझ्या हाताखालचा कारकून ते सोडताना म्हणाला, "मास्तर, डब्याहून वरचा कापूस महाग."

तंबूत काय काय होतं ते वाचकांना आठवत असेल. म्यानाला मोती लावलेली तलवार, घोड्याचा साज, जरीच्या कनातीचा तुकडा, विष घातलं तर तडकते म्हणतात अशी चिनी रकाबी. पैसा झालेल्या पुष्कळ घरांनी त्या वर्षी आपापल्या आजीची तांब्याभांडी सुलतानाची म्हणून आणून दिली होती आणि ती नाकारताना माझी पुरेवाट झाली. अस्सल म्हणून ज्या थोड्या वस्तूंची मी खात्री दिली होती, त्यांत हे पानदान होतं. चिठ्ठी मी आठवणीवरून आधीच लिहून ठेवली होती, आणि मांडामांडीच्या घाईत ती तशीच लागली. मोठे साहेब पाहायला आले तेव्हा त्यांनी चिठ्ठी वाचली, पानदान पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली आणि हसले. साहेब हसले म्हणून बरोबरचे सगळे हसले. मीही ओठ हलवले. मी चिठ्ठी काढू लागलो तर साहेब म्हणाले, राहू द्या, लोकांना गंमत वाटेल. आणि ती राहिली. एलिचपूरचे एक वृद्ध खाँसाहेब तेवढे हसले नाहीत. तलवार त्यांच्या घरची होती. ते काचेशी वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले, "किसी ने रात धो डाली, मास्टर. अब तारे काहे पे दिखेंगे?" मग त्यांनीच सांगितलं की हा काळा रंग मातीनं चढतो. ज्या मातीवर वर्षानुवर्षं ऊन पडलं नाही, पाऊस पडला नाही, अशी किल्ल्याच्या पोटातली माती आणि नवसागर. पण ते करणारे हात आता इकडे नाहीत.

एक दुपार बायकांसाठी राखून ठेवली होती. पुरुषांना आत मज्जाव. आक्का गावातल्या चार जणींना घेऊन, बैलगाडीचा तो सगळा प्रवास करून, नवं लुगडं नेसून आली. मी कनातीच्या बाहेर उभा होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. मग एकीचा आवाज आला, "अवो माय, वेल कुठं हाय यात? ही त चुन्याची डबी दिसते!" दुसरी म्हणाली, "सुलतानाची बायको लय घासणारी दिसते वो!" हसण्याचा लोंढा उसळला. आणि त्यात मला आक्काचा आवाज ऐकू आला, स्पष्ट, आपल्या अंगणात उभी असल्यासारखा.

"सुलतानाच्या बायकोनं नाही, बाई. मी घासलं. चिंच न् राख. तुमच्या घरी काय वापरता?"

मग पहिल्यापेक्षा मोठ्यानं हसणं. ती बाहेर आली तेव्हा पदर कपाळावर ओढलेला होता. बरोबरच्या बायकांना तिनं पुढे जायला सांगितलं आणि मला विचारलं, "नाना, ते काळं म्हणजे मळ नव्हता?"

"नव्हता."

"मंग फुलं?"

"काळ्यावरच दिसायची."

ती जमिनीकडे पाहत उभी राहिली. मला तिथे दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी खाँसाहेबांनी सांगितलेलं मातीचं आणि नवसागराचं तिला सांगितलं. शिकलेल्या माणसाला असं काहीतरी सांगता येतं. तिनं ते एका शब्दानंही न तोडता ऐकून घेतलं, माझी कविता ऐकायची तसं.

प्रदर्शन संपल्यावर पानदान परत घेऊन मीच गेलो. दोघे भाऊ ओट्यावर बसलेले, आक्का दाराआड. विड्यांचं ताट तयार होतं, काथ, चुना, सुपारी, सगळं. बापूसाहेबांनी पानदान उचललं, उलटसुलट पाहिलं आणि खाली ठेवलं. "हे आपलं पानदान नोहे, दादा. आपलं काळं होतं. यातला विडा मी काहून खाऊ?" मी दादासाहेबांकडे पाहिलं. वाटलं, थोरला भाऊ आहे, म्हणेल की डबा कसाही असो, पान तर पानच आहे. त्यांनी वळून दाराकडे, आक्काच्या दिशेनं पाहिलं, आणि पाहत राहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. सुटका होती, हे मला तेव्हा कळलं नाही. दोघांनाही पट्टी हवी होती आणि दोघांनाही ती सोडायला लावणारं एकच भांडं निकामी झालं होतं. पुढच्या महिन्यात घराच्या मधून मातीची भिंत उठली. गाव म्हणू लागलं, देशमुखिणीनं डब्यासंगं घरही घासून टाकलं. आक्का ते ऐकून घेई. मीही कधी कुणाला उलटून बोललो नाही.

नंतरची वर्षं तिनं कशी काढली ते मी सुट्ट्यांमध्ये पाहिलं. तिच्या परातीचं तेज गेलं. पाहुणे आले की ती त्यांच्यासमोर भांडं घासत नसे. देवीच्या दर्शनाचं निमित्त करून ती बाळापूरला जाई आणि किल्ल्यातल्या कुठल्याशा अंधाऱ्या खोलीतून ओटीत माती घेऊन येई. कल्हईवाल्याकडून नवसागर मागून घेई. आधी तिनं काजळ आणि एरंडेल लावून पाहिलं होतं, पण ते पानाला लागे, खाणाऱ्याच्या ओठाला लागे. माती मात्र धरते, असं तिचं म्हणणं. कधी माती फार तापे, कधी नवसागर जास्त पडे, रंग चढे आणि पुसला की निघून जाई. तिच्या बोटांची कातडी निघाली होती. दादासाहेब पाहत, आणि अकोल्याला निघून जात.

शेवटची भेट दिवाळीच्या सुट्टीत झाली. तिनं मला चुलीमागे नेलं आणि फडक्यातून पानदान काढलं. एका बाजूला, तळहाताएवढ्या जागेवर, काळा रंग चढला होता. खरा, खोल काळा. आणि त्यावर वेलीचा एक फाटा, चार पानं आणि एक फूल. मी बोट फिरवून पाहिलं, रंग निघाला नाही. ती म्हणाली, "खोटं सांगू नको हां, शिकलेल्यावानी. तसंच हाय का?"

"तसंच आहे, आक्का."

"पुढच्या दसऱ्यापर्यंत होते सारं. मंग दोघाइले ओट्यावर बसवीन. आता कसे नाही म्हणतील?"

मी विचारलं, आता तरी बोलतात का एकमेकांशी. "नाही रे," ती म्हणाली, "अकोल्याला जातात त गाड्याही येगयेगळ्या." आणि पानदान फडक्यात बांधताना स्वतःशीच म्हणाली, "माह्यापाई झालं." मी तेव्हा पहिल्यांदा म्हणालो, तुझ्यामुळे नाही, जमिनीमुळे झालं. तिनं मान हलवली, लहान मुलानं ओळ गाळली हे कळूनही न कळल्यासारखं करावं तशी. थंडीत तिला ताप आला आणि तो उतरला नाही.

दहाव्याला नदीवर बापूसाहेब माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ ते ओल्या मातीत काडीनं रेघा ओढत होते. मग म्हणाले, "नाना, आमचं भांडण त केव्हाच मिटलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"लढाई सरली, भाव पडला. पट्टीत उरलं काय? गेल्याच्या गेल्या वर्षी अकोल्याला अडत्याच्या ओट्यावर दोघंही बसलो होतो, कपाळाले हात लावून. दादानंच पान पुढं केलं. बाजारातलं, साधं. मी घेतलं. तवापासून तिकडं आमी एकाच खोलीत उतरतो, एकाच ताटात जेवतो."

"आणि गावात?"

"गावाले काय सांगाचं? भांडलो जमिनीपाई न् नाव केलं डब्याचं, हे कोण्या तोंडानं सांगाचं?" काडी मोडली. "एकदा वाटलं होतं, वहिनीले सांगू. मंग म्हटलं, दादा सांगन. दादाले वाटलं, मी सांगन... वहिनीले सांगाचं राहूनच गेलं."

चार पावलांवर दादासाहेब पाण्यात उभे होते. त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी ओंजळ भरली आणि सोडली, पुन्हा भरली. कावळा लवकर शिवला. भटजी म्हणाले, पुण्यवान बाई, इच्छा काही उरली नव्हती. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या.

मी या पत्रातून कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही. तो वाटून घ्यायला गेलो तर तंबूतले हसणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हिशेब मी कुठे मांडू? एवढंच वाटतं की वऱ्हाडातल्या ज्या घराघरांत आजही एखादी बाई दुपारी विहिरीजवळ भांडी घासत असेल, तिथे कुणीतरी तिला वेळेवर आत जाऊन सांगावं, की आमचं जे बिघडलं ते तुझ्या हातानं नाही. आमच्या घरात हे सांगायला तीन पुरुष होते. त्यांतला एक शिकलेला होता.

तेरावं झाल्यावर भावांनी मधली भिंत पाडली. चूल एक झाली. पट्टीत पुन्हा बकऱ्या चरतात. आक्कानं आणलेली किल्ल्याची माती एका मडक्यात उरली होती, ती मी तुळशीत घातली. पानदान बैठकीच्या कोनाड्यात आहे. एका बाजूला तळहाताएवढं काळं आहे आणि तिथे वेलीचा एक फाटा, चार पानं आणि एक फूल दिसतं. बाकीचं पांढरं आहे.